चेंडू पुन्हा पिशवीत

एका पिशवीत पाच तांबडे आणि सात पांढरे चेंडू आहेत, असे विधान करून जो ग्रंथकार आपल्या ग्रंथाचा प्रारंभ करतो, त्याच्या प्रापंचिक अनुभवाविषयी माझ्या मनात पहिल्या वाक्यापासूनच साशंकता उत्पन्न होते. ज्या घरात चेंडू आहेत त्या घरात मुले असणार, आणि ज्या घरात मुले आहेत त्या घरात बाराही चेंडू पिशवीत सापडणे ही गोष्ट कोणत्याही शास्त्राच्या आवाक्याबाहेरची होय. तथापि हा सद्गृहस्थ डोळे मिटून पिशवीत हात घालतो, एक चेंडू बाहेर काढतो, त्याचा रंग न्याहाळतो, आणि त्याचा काडीचाही उपयोग न करता तो पुन्हा पिशवीत टाकून, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने दुसरा काढावयास सिद्ध होतो. बत्तीस वर्षे हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केलेल्या, आणि एकदा जावक झालेला कागद पुन्हा आवकेत घेणे म्हणजे चौकशीला आमंत्रण, या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रकार पाहवेना.

हा ग्रंथ माझ्या हाती येण्यास कारण झाला माझा भाचा. संख्याशास्त्र घेऊन तो पदवीच्या परीक्षेस बसणार होता, आमच्याकडे राहत होता, आणि "मामा, तुमचा जन्म आकड्यांत गेला, तुम्हांला हे सहज कळेल," असे एक दिवस तो बोलून गेला. हे वाक्य त्याने स्वतःचा अभ्यास टाळण्यासाठी उच्चारले होते, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्या वेळी मात्र मी चष्मा पुसला आणि पुस्तक मागून घेतले. अनुक्रमणिकेत 'द्विपद वितरण' हे प्रकरण पाहून माझी अशी समजूत झाली की, शिधापत्रिकेवर धान्य वाटण्याची ही एखादी सरकारी योजना असावी, आणि ती दोन पायांच्या प्रजेपुरतीच मर्यादित असल्यामुळे गुराढोरांच्या चाऱ्याची तरतूद पुढील प्रकरणात केली असेल. भाच्याने खुलासा केला की, ज्या कृत्याचे फळ यश किंवा अपयश असे दोनच प्रकारचे असते, ते कृत्य ठरावीक वेळा केले, प्रत्येक खेपेस यशाची संभाव्यता तीच राहिली आणि एका खेपेचा दुसरीस संसर्ग झाला नाही, तर एकूण किती वेळा यश पदरी पडेल त्याच्या शक्यतांची जी वाटणी, तिला हे नाव आहे.

"उदाहरणार्थ?" मी विचारले.

"उदाहरणार्थ, आंबे," तो म्हणाला. आणि माझ्या अधःपातास आरंभ झाला.

हापूस आंब्यात साका आहे की नाही हे आंबा कापल्याखेरीज परमेश्वरासही कळत नाही, याविषयी आमच्या पेठेत दुमत नाही. शेकडा दहा आंबे साक्याचे निघतात असे गृहीत धरले, तर एका डझनातले बाराही निर्दोष निघण्याची संभाव्यता काढण्यासाठी नऊ-दशांश या अपूर्णांकाला बारा वेळा मांडून गुणावे लागते; उत्तर येते ०.२८. एकच खराब निघण्याची संभाव्यता ०.३८, दोन निघण्याची ०.२३, आणि चार किंवा अधिक निघण्याची अवघी ०.०२६. हे सर्व मी किराणा मालाच्या पुडीच्या कागदावर मांडले, तो कागद खिशात घातला, आणि आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाच्या अंगी नसेल अशा आत्मविश्वासाने बाजारात जाऊन, एकही आंबा न हुंगता, न दाबता, एक डझन घेऊन आलो. आंबेवाल्याने माझ्याकडे दोनदा निरखून पाहिले होते, त्याचा अर्थ त्या वेळी माझ्या ध्यानी आला नाही.

"अहो, चार आंबे साक्याचे निघाले," सायंकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मग आनंद मान," मी म्हणालो. "शंभर गिऱ्हाइकांत कसाबसा अडीच जणांच्याच वाट्याला येणारा हा योग आहे."

"आंबेवाल्यानं डोळे मिटून काढले होते का आंबे?"

"डोळे कशाला मिटील तो?"

"तेच म्हणते मी. त्यानं तुम्हांला पाहिलं आणि मग काढले."

हाच आक्षेप भाच्याने रात्री शास्त्रीय परिभाषेत मांडला. सूत्र लावण्यापूर्वी निवड यादृच्छिक आहे याची खातरजमा करावी लागते, आणि विक्रेत्याने चेहरा पाहून केलेली निवड यादृच्छिक या संज्ञेस पात्र होत नाही. एकच गोष्ट पत्नीने चार शब्दांत सांगितली आणि भाच्याने अर्ध्या तासात. तरीही पत्नीचे म्हणणे मला अपमानास्पद वाटले आणि भाच्याचे उद्बोधक, हे मी येथे प्रांजळपणे नमूद करून ठेवतो.

आता यादृच्छिकतेचा मी पाठपुरावा आरंभिला. शितावरून भाताची परीक्षा करण्याची जी वहिवाट महाराष्ट्रातील प्रत्येक घरात चालत आलेली आहे, ती नमुनापाहणीच होय, असे भाच्याच्या पुस्तकातील प्रस्तावनेवरून माझ्या लक्षात आले. परंतु आमच्या घरी ही पाहणी तपेल्याच्या केवळ पृष्ठभागावरील एका शितावर आटोपत असल्याने तीत खालच्या थरांवर उघड अन्याय होत होता. मी तपेल्याचे वरचा, मधला आणि तळचा असे तीन स्तर कल्पिले, प्रत्येक स्तरातून चार याप्रमाणे बारा शितांची निवड मुक्रर केली, आणि पत्नी हळदीकुंकवास गेली असता झाकण काढून डावाने उत्खननास आरंभ केला. प्रत्येक शिताच्या शोधात झाकण उघडे राहून वाफ निघून जात होती. नवव्या शिताला तळ करपला होता आणि वरचे तांदूळ, आपण अद्याप कोठारातच आहोत अशा समजुतीने, ताठ उभे होते.

"पंचवीस वर्षं मी एक शीत दाबून भात उतरवते आहे," परत आल्यावर पत्नी म्हणाली. "कधी कच्चा राहिला?"

"एका शितावरून अनुमान करणे अशास्त्रीय आहे."

"मी आधी भात हलवून घेते. तुम्ही हलवला होता का?"

मी हलवला नव्हता. भाच्यास विचारता त्याने पत्नीची बाजू उचलून धरली: नीट ढवळलेल्या भांड्यातले एक डावभर घरच्या तपेल्यासाठीही पुरते आणि लग्नाच्या हंड्यासाठीही जवळजवळ तेवढेच पुरते, हंडा मोठा झाला म्हणून डाव त्या मानाने मोठा करावा लागत नाही. न ढवळलेल्या हंड्यातून मात्र परातभर उपसला, तरी तो आपल्यापुरतेच बोलणार.

माझ्या सांत्वनासाठी त्याने वनपर्वातील एक कथा सांगितली, आणि ती ऐकून नलराजाविषयी मला जो बंधुभाव वाटला तो पूर्वी कधी वाटला नव्हता. दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्यावर येऊन ठेपले आहे, अयोध्येहून विदर्भातील कुंडिनपुराकडे रथ भरधाव निघाला आहे, बाहुक या नावाने सारथ्य करणारा नल हा त्याच दमयंतीचा पती आहे. आणि अशा प्रसंगी राजा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवून सांगतो की, त्या दोन फांद्यांवर मिळून पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत! कोणताही विवेकी पुरुष या माहितीबद्दल आभार मानून घोड्यांना चाबूक लावता. परंतु बाहुकाच्या अंगी माझाच हिशेबतपासनिसाचा पिंड असावा. तो रथ थांबवतो, राजा उशीर होईल म्हणून विनवीत असता झाड तोडतो आणि फळे मोजतो. फळे बरोबर तितकीच निघतात. मग ऋतुपर्ण त्याला फाशांचे रहस्य आणि गणनेची विद्या देतो, त्या मोबदल्यात अश्वविद्या घेण्याचा करार करतो, आणि स्वयंवर पुढे चालू. संख्याशास्त्राचे पंडित या कथेत नमुनापाहणीचे प्राचीन बीज पाहतात. मी ती मोठ्या अभिमानाने पत्नीस सांगितली. ती म्हणाली, "झाड तोडून मोजायचंच होतं, तर अंदाज कशाला केला?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या माहितीप्रमाणे व्यासांनीही दिलेले नाही.

पुढील प्रकरण उघडले तेव्हा गुराढोरांविषयीचा माझा पहिला अंदाज अगदीच निराधार नव्हता असे आढळून आले, कारण द्विपदानंतर तेथे खरोखरच चतुष्पदांचा प्रवेश होत होता. प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली जे वितरण प्रसिद्ध केले, ते विरळ घडणाऱ्या घटनांना लागू पडते. आणि त्याचे सर्वांत नामांकित उदाहरण म्हणजे प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथेने झालेले मृत्यू. लाडिस्लाउस फोन बोर्टकेविच या गृहस्थाने १८९८ साली दप्तरे चाळून ते मांडले. दहा सैन्यदळांची वीस वर्षे म्हणजे २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२. पैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ नोंदींत एक, २२ मध्ये दोन, तिहींत तीन आणि एकीत चार. प्वासाँचे सूत्र सांगते की, शून्य मृत्यूच्या नोंदी १०८.७ असाव्यात आणि एका मृत्यूच्या ६६.३. ज्या घोड्यांनी गणिताचा एकही तास ऐकला नव्हता त्यांनी इतक्या काटेकोरपणे लाथा झाडाव्यात, आणि माझ्या आंब्यांनी मात्र सूत्रास धाब्यावर बसवावे, याचे मला वैषम्य वाटले.

म्हणून मी हे सूत्र आमच्या घरी अनाहूत येणाऱ्या पाहुण्यांस लावले. मागील काही महिन्यांच्या स्मरणावरून दिवसाला सरासरी एक पाहुणा पडत होता. तेव्हा कोणीही न येण्याची संभाव्यता ०.३७, एक येण्याची तितकीच, दोन येण्याची ०.१८, आणि चार किंवा अधिक येण्याची जेमतेम शेकडा दोन. या आधारावर मी दूध मोजून कमी केले. सहा दिवस एकही पाहुणा आला नाही, आणि सातव्या दिवशी पहाटे रत्नागिरीहून सुटलेल्या एकाच एस. टी.तून मावशी, तिचे यजमान, दोन जावा, तीन मुले आणि फणस असे एकत्र उतरले. सरासरी बिनचूक जमली होती, फणस सोडल्यास. परंतु प्वासाँच्या सूत्रास घटना एकमेकींशी मसलत न करता घडाव्या लागतात, आणि पाहुणे हे घोड्यांच्या लाथांपेक्षा कितीतरी अधिक संघटित असतात, ही बाब बोर्टकेविचच्या नजरेस न येण्याचे कारण त्याचे आजोळ कोकणात नव्हते, हेच असले पाहिजे.

येथवर जे झाले ते घरच्या चार भिंतींत झाले. परंतु मी आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मानद चिटणीस असल्यामुळे शास्त्राचा प्रकाश फार काळ कोंडून ठेवणे मला कर्तव्यच्युतीसारखे वाटू लागले. नळाचे पाणी पुरत नाही अशी ओरड चालू होती. नगरपालिकेकडे अर्ज करावयाचा, तर त्यास आकड्यांचा आधार हवा; आणि चोवीस दारे ठोठावण्यापेक्षा सहा बिऱ्हाडांचा यादृच्छिक नमुना घ्यावा असे मी सुचविले. महालनोबीसांनी अवघ्या बंगालच्या तागाच्या पिकाचा अंदाज काही निवडक तुकड्यांवरून बांधला, तर सहा घरांवरून चोवीस घरांच्या बादल्यांचा बांधता येणार नाही काय, या माझ्या प्रश्नाला सभेत कोणी उत्तर दिले नाही. त्याचा मी संमती असा अर्थ लावून तशी नोंद केली.

निवडीसाठी यादृच्छिक संख्यांचे कोष्टक लागते. टिपेट नावाच्या इंग्रजाने १९२७ साली अशा ४१,६०० अंकांचे पुस्तकच छापले, आणि ते अंक त्याने जनगणनेच्या अहवालांतून उचलले होते. ज्यात बेरीज नाही, शिल्लक नाही, आणि मुद्रणदोष झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही, असा हा आकड्यांचा ग्रंथ माझ्या कचेरीतील हयातीत मिळता, तर मी वेळेवर घरी येत गेलो असतो. भाच्याच्या पुस्तकामागील कोष्टकावर डोळे मिटून बोट ठेवले आणि सहा क्रमांक निघाले. सकाळी अकरा वाजता वही घेऊन निघालो. पहिल्या दोन घरांना कुलूप. तिसऱ्या व चौथ्या घरी नवराबायको दोघेही नोकरीवर. पाचव्या घरच्या बाईंनी मी वर्गणीस आलो आहे असे समजून दाराच्या साखळीआडूनच "हे घरी नाहीत" असे सांगितले, तेव्हा 'हे' मागे खाकरत होते. सहाव्या घरी मात्र एक निवृत्त पोस्टमास्तर भेटले. त्यांनी बसवून घेतले, चहा दिला आणि पाणी भरपूर येते असे सांगितले. उरलेल्या पाच जागा रिक्त ठेवणे अपुरेपणाचे दिसेल, म्हणून जी पाच दारे उघडी दिसली तेथे मी गेलो. तेथेही माझ्याच वयाची मंडळी होती, चहा होता, आणि पाणी भरपूर होते. माझ्या अहवालात 'शेकडा शंभर रहिवासी समाधानी' असा निष्कर्ष आला. तो मी अर्जास जोडला, आणि अर्ज त्याच अहवालाच्या आधारे, आभार मानून, निकालात काढण्यात आला.

नळ सकाळी दहा ते अकरा येत असे. त्या वेळी जे घरी असत ते पाणी भरत, आणि तेच मला भेटत. जे कचेरीत असत त्यांना पाणी मिळत नसे आणि मीही मिळालो नव्हतो. ही गोष्ट सर्वसाधारण सभेत ज्या शब्दांत माझ्या निदर्शनास आणून देण्यात आली, ते शब्द इतिवृत्तात येऊ नयेत असा ठराव मी स्वतः मांडला.

"मामा, तुम्ही एकटे नाही," भाचा म्हणाला. अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी एक कोटी कार्डे पाठविली, सुमारे २४ लाख परत आली, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून निवडून आले. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, ऐन मंदीच्या काळात. शिवाय कार्ड परत धाडण्याचा उत्साहही ज्याचा त्याचा निराळा.

"म्हणजे तपेल्याच्या वरच्या थरातली चोवीस लाख शितं!" पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली. ते साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडले. मानद चिटणिसास मात्र ती सवलत नसते.

अर्ज फेटाळला गेल्यामुळे खासगी टँकर मागवणे भाग पडले, आणि तो रात्री दोन ते चारच्या दरम्यान स्वेच्छेने येत असल्याने दर शनिवारी कोणा एकाने जागून तो उतरवून घ्यावा असे ठरले. हे काम कोणावर लादले तर पक्षपाताचा आरोप येणार. म्हणून मी चिठ्ठ्या टाकण्याची योजना मांडली. चोवीस चिठ्ठ्या, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डोळे बांधलेला तळमजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा. काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकावयाची, म्हणजे प्रत्येक आठवड्यास प्रत्येकाची संभाव्यता एक-चोविसांश हीच राहते, असे मी आवर्जून समजावून सांगितले. ज्या पांढऱ्या-तांबड्या चेंडूंच्या गृहस्थाची मी टवाळी केली होती, त्याचीच वकिली मी आता भर सभेत करीत होतो.

पहिल्या शनिवारी माझे नाव निघाले. चिटणिसापासून प्रारंभ झाला हे योग्यच, असे सर्वांनी म्हटले. दुसऱ्या शनिवारीही माझेच. तिसऱ्या शनिवारी मी निर्धास्त होतो, कारण एकच नाव सलग तीनदा निघणे शक्य नाही अशी माझी धारणा होती. आणि भाचा मला माँटे कार्लोच्या जुगारगृहातील १९१३ सालची हकीकत ऐकवीत होता, जेथे चक्रावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला आणि आता तरी तांबडा येईलच या भरवशावर शेकडो शहाण्यांनी आपले खिसे रिकामे केले. "गोळीला मागचं काही आठवत नाही, मामा," तो म्हणत असतानाच मुलाने चिठ्ठी काढली, आणि माझे नाव वाचून दाखविण्यात आले.

मी तत्काळ चौकशीची मागणी केली. माझे नाव सलग तीनदा येण्याची संभाव्यता १३,८२४ मध्ये एक आहे, हे मी फळ्यावर करून दाखविले. भाचा मागच्या बाकावरून उठला. "कोणाचं तरी एकाचं नाव तीनदा येण्याची ५७६ मध्ये एक," तो म्हणाला, "आणि तुमच्याऐवजी दुसऱ्याचं आलं असतं तर तुम्ही फळ्याकडे गेला नसता." सभेने टाळ्या वाजविल्या. त्याला आमच्याकडे मिळणाऱ्या दोन्ही वेळच्या जेवणाचा मला त्या क्षणी विसर पडला नव्हता. तरीही तो पुढे सांगतच राहिला, की १९६९ साली अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईसाठी तरुणांची भरती करताना वर्षाच्या ३६६ तारखांच्या डब्या काढण्यात आल्या, तेव्हा त्या महिन्यांच्या क्रमाने भरून पुरेशा ढवळल्या न गेल्याने डिसेंबरात जन्मलेल्यांचे क्रमांक फार आधी लागले. तेव्हा शंका घ्यावयाची तर डब्यावर घ्यावी, दैवावर नव्हे.

डबा उपडा करण्यात आला. तेवीस चिठ्ठ्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांच्या, पातळ, हातोहात चुरगळून मऊ पडलेल्या. चोविसावी लग्नपत्रिकेच्या जाड, सोनेरी कडेच्या कागदाची, चार ठिकाणी करकरीत घडी घातलेली. ती कोणी तयार केली असा प्रश्न उपस्थित झाला. चिठ्ठ्या मीच कातरल्या होत्या. चिटणिसाचे नाव इतरांहून काहीसे ठसठशीत असावे, अशी एक भावना त्या वेळी माझ्या मनात येऊन गेल्याचे मला आठवले.

"काका, हीच तर पटकन हाताला लागते," मुलगा डोळ्यांवरचा रुमाल सोडीत म्हणाला.

चिठ्ठ्या नव्याने कराव्यात अशी सूचना मी मांडली. तीस अनुमोदक मिळाला नाही. उलट पोस्टमास्तरांनी असा ठराव मांडला की, सदर चिठ्ठ्या सोसायटीच्या दप्तराचा भाग असल्याने त्यांत फेरफार न करता त्या चिटणिसांच्या ताब्यात सुरक्षित ठेवाव्यात. आणि तो तेवीस विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर झाला. काल रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी टँकरचा भोंगा वाजला. मी बॅटरी घेतली, चपला शोधल्या आणि दार उघडले.

"अहो," आतून झोपाळू आवाज आला, "ती चिठ्ठी परत डब्यात टाकलीत ना?"